गंगाधर सरांचं रॉकेट, चार पट

समोरच्याचा चेहरा पाहायचा असला की गंगाधर सर त्याच्या कानाकडे बघतात.

*

शेततळ्याचं प्लास्टिक पुठ्ठ्याच्या जाड नळीवर गुंडाळून येतं. प्लास्टिक तळ्यात जातं. नळी गोठ्याच्या माळ्यावर जाते आणि तिचं पुढं काही होत नाही.

*

मिरजेतल्या एका कातार्‍यानं चाळीस वर्षं पलंगाचे खूर आणि लाटणी कातली. गेल्या डिसेंबरात त्यानं पांगाऱ्याच्या लाकडाचा एक लांबट, टोकाला निमुळता नग कातून दिला आणि विचारलं, कुठल्या देवळाचा कळस म्हणायचा हा.

*

बिराप्पा छप्पन्न वर्षांचा आहे. शाळूवर बसलेली साळुंकी तो गोफणीनं शंभर पावलांवरून उठवतो. तिला दगड लागत नाही, नुसता आवाज लागतो.

*

सांगलीत कॉलेजच्या कोपऱ्यावर एक झेरॉक्सवाला. त्याच्यापुढं घडीवर फाटलेला कागद. दोनशे टक्के करा, गिऱ्हाईक म्हणालं. मग त्या दोनशेचे परत दोनशे. निघालेला आकार बघून झेरॉक्सवाला म्हणाला की ब्लाउजची बाही दिसते, पण एवढ्या उंचीची बाई कुठली.

*

छत्रीचं कापड, नारिंगी, साडेतीन मीटर.

*

ही सगळी माणसं आणि हे सगळं सामान एका कामाला जुंपलं ते नाथाजीनं. तासगावच्या अलीकडं त्याची दीड एकर द्राक्षबाग आहे. अठ्ठावीस वर्षं तो लष्करात गाड्या दुरुस्त करत होता, सुभेदार होऊन आला. गावात अजून त्याला सुभेदारच म्हणतात, त्यात निम्मा मान आणि निम्मी टिंगल. बिघडलेली वस्तू दिसली की तिच्यापुढं उकिडवं बसायची त्याला सवय. पंप असो, फवारणीचा ब्लोअर असो, शेजाऱ्याचा मोबाइल असो. बसला की उठत नाही. मनुबाई, त्याची बायको, म्हणते की लग्नात अंतरपाट धरला होता तवा पण ह्यांचं ध्यान बँडवाल्याच्या जनरेटरकडं होतं.

दोन महिन्यांतून एकदा तो साताऱ्याला लष्करी कँटीनला जातो. गेल्या सप्टेंबरात गेला, सामान घेतलं, आणि शाहूपुरीत गंगाधर सरांकडं डोकावला. सर मूळचे वाईचे. तासगावच्या हायस्कूलात त्यांनी तीस वर्षं विज्ञान शिकवलं. आता वय एक्क्याऐंशी, मुलगी उमा हिच्याकडं राहतात. सरांनी दार उघडलं आणि नाथाजीच्या डाव्या कानाकडं बघून म्हणाले, ये रे नाथाजी. नाथाजीनं मागं वळून पाहिलं, मागं कोणी नव्हतं.

उमानं चहा करता करता सांगितलं. बाबांच्या नजरेचा मधला भाग गेलाय. जिकडं बघतील तिथंच नेमकं धुकं. कडेकडेनं दिसतं, तेही डावीकडून जास्त. म्हणून ते माणसाकडं बघायचं तर माणसाच्या शेजारी बघतात. ती कडाही आता आत सरकायला लागलीय. किती दिवस, ते डॉक्टर सांगत नाहीत. नुसतं म्हणतात, काय पाहायचं राहिलं असेल ते दाखवून घ्या. आम्ही महाबळेश्वरला नेऊन आणलं.

नाथाजीनं बशीतला चहा संपवला आणि सरांना विचारलं, काय पाहायचं राहिलंय तुमचं. त्याला वाटलं सर काशी म्हणतील, समुद्र म्हणतील.

सरांनी चाचपून कप खाली ठेवला. मग म्हणाले, “ते रॉकेट उडालेलं मी पाहिलं नाही रे.”

कुठलं रॉकेट हे विचारायची गरज नव्हती. चौऱ्याऐंशी सालच्या जानेवारीत शाळेच्या मैदानावर सरांनी एक रॉकेट उडवलं होतं. त्यांच्या पुतण्यानं अमेरिकेहून खोक्यात आणलेलं, पुठ्ठ्याची नळी, बाल्साचे चार पंख, काळं अंग, पांढरं टोक. तिकडच्या पोरांनी वीस वर्षं उडवलेला, घराघरातला नमुना, असं सर तेव्हा म्हणाले होते. सरांनी महिनाभर खपून तो चिकटवला. नाथाजी आठवीत होता. साडेपाचशे पोरं गोल करून उभी. सुर्रकन आवाज झाला, धुराची एक रेघ वर गेली, आणि मागनं साडेपाचशे तोंडं. रॉकेट पलीकडच्या उसात उतरलं ते सापडलं नाही. खोक्यात इंधनाची नळीही एकच होती, तेव्हा गोष्ट तिथंच संपली. पण नाथाजी लेह-लडाखात बर्फात अडकलेल्या गाडीखाली झोपून ती रेघ आठवायचा. आणि ज्यानं ती काढली त्यानं पाहिलीच नाही.

एवढंसं होतं ते, नाथाजीच्या मनात आलं. हातभर वस्तू, पापणी लवेपर्यंत गेली. सरांना चष्मा तेव्हाही होता.

मग मोठं करू, तो म्हणाला.

*

रॉकेट नव्हतं, पण खोक्यातला कागद होता. सरांनी तो लॉगॅरिथमच्या पुस्तकात ठेवलेला. त्यावर पंखाचा साचा आणि मापं. उमानं शोधून दिला.

तेव्हा लांबी शेहेचाळीस सेंटिमीटर, आता एकशे चौऱ्याऐंशी. तेव्हा नळीची जाडी अडीच, आता दहा. तेव्हा वजन बासष्ट ग्रॅम.

वजनापाशी सरांनी फोनवर थांबवलं. एक्क्याऐंशीचा आवाज अचानक पन्नाशीचा झाला. “लांबी चार पट केलीस म्हणजे पंखाचं क्षेत्रफळ सोळा पट होणार आणि वजन चौसष्ट पट. चार किलो भरेल. इंधन तेवढं उचलेल का ते आधी बघ. वजनाचे लाड करू नकोस.”

तेव्हा नाथाजीनं लाड बंद केले. माळ्यावरची शेततळ्याची नळी खाली काढली, ओलं पोतं गुंडाळून ठेवली आणि पुठ्ठ्याचे तीन पदर सोलून काढले. आतून जी निघाली ती तळहातावर तोलता यायची. कातार्‍याचा कळस आतून कोरून पोकळ करून आणला. पंखांना बाल्साऐवजी पातळ प्लायवूड, त्यावर झेरॉक्सचा कागद चिकटवून करवतीनं कापलं. रोज संध्याकाळी सात वाजता साताऱ्याला फोन. आज काय केलं, उद्या काय. सर ऐकायचे, मध्येच थांबवायचे, पंखाची कड गोल घासलीस का विचारायचे. घासली म्हटलं तर म्हणायचे, अजून घास. उमानं एकदा सांगितलं की बाबा सात वाजायच्या आधीच फोनशी येऊन बसतात.

इंधनाची नळी म्हणजे मोटार. तिला मोटारच म्हणतात. ती बेंगळुरूच्या एका परवानाधारकाकडून रीतसर कागदपत्रं करून यायची होती. शेजारच्या माळाचा मालक आणि नाथाजीचा बालमित्र बिराप्पा रोज संध्याकाळी मेंढरं बसवून झाली की तपासणीला यायचा. मोटार यायचीय म्हटल्यावर त्यानं विचारलं की किती एचपीची. नाथाजीनं सांगितलं, तसली न्हवं. मग पाणी किती फुटावरनं उचलती. मनुबाई शिलाईच्या मशीनवरून म्हणाली, “बिराप्पा भावजी, ती पानी न्हाई उचलत, ती तुमच्या मित्राला उचलनार हाय. तवा उगं ऱ्हावा.”

तिनं पॅराशूट शिवलं. आठ पाकळ्या, दुहेरी शिवण. अंगणात शिडीवरून पाट्यावरचा वरवंटा बांधून सोडून बघितलं. वरवंटा पाहुण्यासारखा सावकाश उतरला.

सरळ उडेल का, हे बघायची रीत सरांनी सांगितली. तोल जिथं साधतो तिथं दोरी बांधायची आणि डोक्याभोवती गरगर फिरवायचं. टोक पुढं राहिलं तर ठीक. शेपूट पुढं आलं तर आकाशातही तेच करेल. नाथाजीनं फिरवून बघितलं, त्याला तीन किलोचं ते धूड पेलेना. बिराप्पानं दोरी हातात घेतली. आयुष्यभर गोफण फिरवलेला हात, त्याला कोणी शिकवायचं होतं. पहिल्या फेऱ्यातच म्हणाला, “मागनं जड हाय गड्या. म्हैस तोंडाकडनं वडायची का शेपटीकडनं?” ट्रॅक्टरच्या चाकाचे दोन नट टोकात बसवले. परत फेरा. अजून एक नट. मग रॉकेटनं टोक वाऱ्यात घातलं आणि बिराप्पाच्या डोक्याभोवती सरळ धावायला लागलं. बिराप्पा थांबेचना. नाथाजीनं दोनदा सांगितलं तेव्हा थांबला.

मोटारी दोनच आल्या. एक उडवायची, एक राखीव.

*

परवानगीसाठी ठाण्यात अर्ज, तहसीलला अर्ज, त्यासाठी ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला. दाखल्यामुळं उपसरपंच विश्वजितला कळलं आणि विश्वजितला कळल्यामुळं सगळ्यांना कळलं. वय बत्तीस, पांढरी गाडी, आणि कुठलीही गोष्ट कार्यक्रमाशिवाय घडू द्यायची नाही हा बाणा. गावच्या ग्रुपवर मेसेज आला तो असा.

सप्रेम नमस्कार. आपल्या गावच्या माळावर रविवार दि. अठरा रोजी सकाळी ठीक दहा वाजता भव्य रॉकेट उड्डाण सोहळा. निवृत्त विज्ञान शिक्षक आदरणीय गंगाधर सर यांचा नागरी सत्कार. लहान मुलांना आवरून धरावे. नंतर मसालेभात.

नाथाजीला आधी हे आवडलं नाही. मग विचार करता करता आवडलं. सर निवृत्त झाले तेव्हा तो सीमेवर होता. शाळेनं म्हणे एक भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. त्या माणसाला गावानं फेटा बांधायला काय हरकत आहे.

एकाच गोष्टीवर तो अडला. उद्घाटक कोण, यावर. सोहळा म्हटला की बटण कोणीतरी दाबायचं, आणि ते मोठ्या माणसानं दाबायचं, हे ठरलेलं. विश्वजितच्या मनात तालुक्याचे एक पुढारी होते. तो म्हणाला, साहेब आले तर माळाला रस्ता पण होऊन जाईल. नाथाजी म्हणाला, मग रस्ताच उडवा, रॉकेट राहू द्या. दोन दिवस कोणी कोणाशी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी विश्वजितच घरी आला आणि म्हणाला, तात्या, तुमचं खरं. बटण सर दाबतील. मनुबाईनं त्याला लाडू दिला. नाथाजी त्या रात्री फार समाधानानं झोपला.

*

अठरा तारीख. पूर्वेकडून हलका वारा, आभाळ धुतल्यासारखं.

माळाच्या पश्चिम कडेला मंडप, तोंड पूर्वेला. समोर सत्तर पावलांवर रॉकेट. तव्याच्या नांगराचा जुना तवा खाली जाळ अडवायला, त्यात रोवलेली नऊ फुटी सळई, आणि सळईला धरून उभं काळं, पांढऱ्या टोकाचं, माणसापेक्षा उंच. पोरं त्याच्याभोवती फिरून कोणाची उंची जास्त ते बघत होती. बिराप्पानं त्यांना मेंढरांसारखं हाकलून चुन्याच्या रेघेमागं केलं.

उमा सरांना घेऊन आली. नाथाजीनं सरांचा हात धरून त्यांना आधी रॉकेटापाशी नेलं. सरांनी ते हातानं वाचलं. पंखाची कड बोटानं वरपासून खालपर्यंत तपासली आणि म्हणाले, घासलीस. एवढंच म्हणाले. नाथाजीला ते पदकापेक्षा जास्त वाटलं.

मग खुर्ची. मधोमध, सगळ्यांत पुढं, रॉकेटच्या अगदी नाकासमोर. ती जागा नाथाजीनंच सकाळी दोरी धरून काढली होती. मुख्य पाहुण्याला कडेला बसवतात का कुठं? फेटा बांधला, भगवा, तुऱ्याचा, कपाळावर चांगला ओढून. शाल. नारळ. विश्वजितचं भाषण. सरपंचांचं भाषण. सरांनी दोन वाक्यांत आभार मानले. स्टुलावर पेटी ठेवली, तिच्यावर पांढरं बटण.

स्पीकरवरून उलटी मोजणी सुरू झाली, सगळा माळ मोजायला लागला. सर पेटीवर वाकले. पांढऱ्या पेटीवरचं पांढरं बटण, आणि जिथं बघावं तिथं धुकं. मान एका बाजूला कलती करून ते कडेनं शोधत होते. फेट्याची कड डाव्या डोळ्यावर आली होती. उमानं त्यांचा अंगठा धरून बटणावर ठेवला. शून्याला त्यांनी दाबलं. काही झालं नाही. वात पेटायला क्षणभर लागतो. सरांनी आणखी वाकून, दोन्ही हातांनी परत दाबलं.

आवाज आला तो चौऱ्याऐंशीसारखा सुर्रकन नव्हता. गोणपाट फाडल्यासारखा, लांबच्या लांब. रॉकेट सळई सोडून निघालं, आधी जड, विचार करत असल्यासारखं, मग एकदम मोकळं. काळी लांबट रेघ निळ्यावर चढत गेली, वर जाऊन जरा पूर्वेला कलली, टोकाशी पांढरा ठिपका, आणि मग पुटकन नारिंगी फूल. मनुबाईनं नाथाजीचं मनगट धरलं होतं, ते त्याला नंतर सोडवून घ्यावं लागलं.

त्यानं सरांकडं पाहिलं.

सर अजून पेटीवर वाकलेले होते. अंगठा बटणावर. मान वर केली तेव्हा समोर अकरा वाजताचं ऊन होतं, आणि सगळं गाव वर बघत होतं.

सर, पाहिलंत का, विश्वजितनं माइक पुढं केला.

“पाहिलं,” सर म्हणाले.

टाळ्या झाल्या.

*

रॉकेट मंडपाच्या मागं शेतात उतरलं. एक पंख मुळातून हलला होता. लोकांनी त्याच्यासोबत फोटो काढले, मग मसालेभाताकडं वळले. नाथाजी जेवला नाही. भाताची वाफ नाकात जात होती आणि ते ‘पाहिलं’ कानात. शाळेत पोरानं गृहपाठ केला नसला आणि केला म्हणाला की सर ज्या नजरेनं बघायचे, त्या नजरेनं आता त्याला सरांकडं बघावं लागत होतं.

पंगत उठली, गाड्या गेल्या, तेव्हा तो सरांजवळ जाऊन उकिडवा बसला. सरांनी फेटा काढून मांडीवर ठेवला होता.

“सर, तुमी पाहिलं न्हाई.”

सर त्याच्या कानाकडं बघत राहिले. मग म्हणाले, “गावानं इतकं केलं. नाही कसं म्हणायचं?”

“येवढं मोठं करून पण दिसलं न्हाई?”

“मोठ्या-लहानाचं नव्हतंच रे ते. तेव्हाही बटण माझ्याच हातात होतं. मी खाली वाकलेला. मान वर केली तर पोरं वर बघतायत.”

नाथाजी काही वेळ मातीत काडीनं रेघा ओढत बसला. चार महिने त्यानं लांबी वाढवली होती. दोन दिवस भांडून त्यानं ते बटण सरांना मिळवून दिलं होतं. तालुक्याच्या पुढाऱ्याला दिलं असतं तर सरांनी रॉकेट पाहिलं असतं. आणि सप्टेंबरात चहा पिताना विचारायला हवा होता तो प्रश्न एकच होता, का पाहिलं नाही. लष्करात गाडी बंद पडली की आधी तोच विचारायचा असतो.

परवानगी पाचपर्यंत होती. दोन वाजले होते.

तो उठला. पंखाच्या मुळाशी एमसील भरलं, वरून द्राक्षाच्या काड्या तारेला बांधायची पट्टी आवळली, राखीव मोटार घातली आणि रॉकेट परत सळईला लावलं. एमसील कडक व्हायला तास लागणार होता. तेवढ्यात त्यानं दुसरं काम काढलं. सरांची खुर्ची माळाच्या मोकळ्या भागात आणली आणि बिराप्पाच्या हातात नारिंगी पॅराशूट दिलं. म्हणाला, सळईपासून सुरू कर आणि गोल चालत ऱ्हा. सर म्हणतील तवा थांब.

बिराप्पा चालायला लागला. सर समोर बघत होते आणि बिराप्पा समोर होता, तर सर म्हणाले, नाही. बिराप्पा डावीकडं सरकला. नाही. अजून. बिराप्पा पार खांद्याच्या रेषेत आला तेव्हा सर म्हणाले, “आहे. नारिंगी आहे. हलतंय.”

थांब, नाथाजी ओरडला. मग त्यानं तेवढ्याच हिशेबानं खुर्ची फिरवली. सरांचं तोंड आता दक्षिणेला, तिकडच्या बेदाण्याच्या शेडकडं. रॉकेट पूर्वेला, त्यांच्या डाव्या खांद्यापलीकडं.

बिराप्पा धापा टाकत आला, खुर्चीकडं बघितलं, रॉकेटकडं बघितलं. “सुभेदार, डोकं फिरलं का? पावण्याला त्वांड फिरवून बसवलाय. गावानं बघितलं तर नाव ठेवतील.”

“गाव जेवून गेलं.”

“मी हाय की.”

“मग तू ठेव नाव.”

उमाला नाथाजीनं फक्त एक सांगितलं. सरांना ‘तिकडं बघा’ म्हणू नका. कोणीच म्हणायचं नाही. ती हसली आणि सरांच्या पाठीमागं जाऊन उभी राहिली, हात खुर्चीच्या पाठीवर.

पॅराशूट घडी करून परत रॉकेटात बसवलं. राहिलं बटण. नाथाजीनं पेटी उचलून मनुबाईच्या हातात दिली. ती मागं सरली. तिनं मिक्सरचं बटण दाबायच्या आधी सुद्धा देवाचं नाव घेणारी बाई. म्हणाली की आवं, माझ्यानं काय आक्रित झालं म्हंजे. तो म्हणाला, तुझी शिवण हाय वर, तूच दाब. एकदा दाबून धरून ठेव. ती म्हणाली, मोजायचं कोन? तो म्हणाला, कोनी न्हाई.

सव्वातीन झाले होते. ऊन पश्चिमेला कललं होतं. दूर कुणाच्या तरी बागेत ब्लोअर चालू होता, तोही थांबला. सर शेडकडं तोंड करून बसले होते, हात मांडीवर मोकळे. मनुबाईनं डोळे मिटून बटण दाबलं.

गोणपाट फाटलं.

नाथाजीनं वर पाहिलं नाही. तो सरांपुढं दोन पावलांवर उभा होता आणि सरांच्या डाव्या डोळ्याकडं बघत होता. बुबूळ हललं नाही, समोर शेडवरच राहिलं. भुवई मात्र वर गेली. मग हळूहळू सगळा चेहराच वर जायला लागला, कोणी हनुवटीखाली हात घालून उचलल्यासारखा.

“निघालं,” सर म्हणाले. “जड निघालं. आता... आता चढलं. काळं आहे.” बोट मांडीवरून उठलं आणि हवेत वर वर गेलं. “वाकतंय. पूर्वेला वाकतंय, नाथाजी. वाऱ्यात तोंड घालतंय.”

नाथाजीनं वारा गालावर तपासला. पूर्वेचाच होता.

“शिकवलं होतं मी तुम्हाला हे,” सर म्हणाले. “पंख मोठे असले की वाऱ्याकडं वळतं. आठवीला होतं.”

“व्हय सर.”

“गेलं. आता नाही दिसत.”

बोट थोडा वेळ तिथंच राहिलं, मग खाली आलं. उमानं खुर्चीच्या पाठीवरचे हात काढून तोंडाशी नेले होते. बिराप्पा आभाळात डोळे लावून पॅराशूटच्या मागं मागं पळत सुटला होता. ते वाऱ्यावर सगळ्यांच्या डोक्यावरून पश्चिमेला सरकत गेलं आणि तिकडच्या दुसऱ्या एका बेदाण्याच्या शेडच्या हिरव्या जाळीवर जाऊन लोंबलं. आता शिडी लागणार, असं बिराप्पा लांबून ओरडून सांगत होता.

नाथाजी सरांपुढं बसला, उकिडवा. म्हणाला, कसं हुतं.

सरांनी विचार केला. “लांब होतं रे. चांगलं लांब.” मग म्हणाले, “पण चार पट कशाला केलंस? दुप्पट चाललं असतं.”

मनुबाईनं अजून बटण दाबून धरलं होतं. तिनं एक डोळा उघडला. “सर, हे आदी सांगायचं न्हाई व्हय? माझी मशीन चार दिस अडकली हुती ह्यांच्या पाकळ्यांत.”

सर हसले, तिच्या कानाकडं बघून. बटण सोड आता, नाथाजीनं सांगितलं, तेव्हा तिनं सोडलं. चहा झाला. बिराप्पानं शिडी आणली, पण जाळी फाटेल म्हणून रॉकेट उतरवायचं उद्यावर ढकललं. पाचच्या आत उमानं गाडी काढली. सर बसता बसता म्हणाले की उद्या सातला फोन कर, कुठला पंख हलला ते सांग.

त्या दिवशी सकाळी साताऱ्याहून येताना सर डाव्या खिडकीशी, नाकासमोर बघत बसले होते, आणि कराडपर्यंत त्यांनी उसाचे एकतीस ट्रॅक्टर मोजले होते.